राणीछाप रुपयाची खरी किंमत

लक्ष्मीपूजनाला शहापूर-मुरबाडकडच्या कितीतरी घरांत डब्याच्या तळाशी ठेवलेले दोन-चार चांदीचे रुपये बाहेर निघतात. ताम्हनात मांडून त्यांना हळद-कुंकू लावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडक्यात बांधून ठेवतात. एरवी त्यांच्याकडे कुणी बघत नाही. हल्ली मात्र मोबाइलवरच्या व्हिडिओंनी या रुपयांना भलतेच भाव चढवले आहेत. ‘हे नाणं असेल तर पाच लाख मिळतील’ असं ऐकून कुणी आशेवर बसतं, कुणी अनोळखी माणसाला पैसे पाठवून फसतं, तर कुणी हाताला येईल ती रक्कम घेऊन चांगलं नाणं मोडीत घालतं. या तिन्ही गोष्टी थोड्या माहितीने टळू शकतात.

‘राजाछाप रुपया म्हणजे आपल्याकडची जुनी चांदी’ असं सर्रास म्हटलं जातं. 1918 ते 1920 या सालांच्या रुपयांबाबत वस्तुस्थिती वेगळी आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ताग, कापूस, धान्य प्रचंड प्रमाणात बाहेर गेलं. त्याचे पैसे इथे रुपयांत चुकते करायचे होते आणि बाजारात पुरेशी चांदी मिळत नव्हती. सरकारने 30 नोव्हेंबर 1917 रोजी एक रुपयाची कागदी नोट काढली, पाठोपाठ जानेवारी 1918 मध्ये अडीच रुपयांची. लोकांना कागदाचा भरवसा वाटेना. नोट देऊन बंदा रुपया मागणाऱ्यांची गर्दी वाढली आणि सरकारकडचा रुपयांचा साठा आटत चालला. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. नेवाडा राज्याचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा 23 एप्रिल 1918 रोजी झाला आणि अमेरिकेने आपल्या तिजोरीतले 27 कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या जवळपास 25 कोटी 91 लाख डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली गेली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले.

हिशोब सोपा आहे. एका डॉलरमध्ये शुद्ध चांदी सुमारे 24.06 ग्रॅम, एका रुपयात 10.69 ग्रॅम. म्हणजे एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये. आलेल्या सगळ्या चांदीतून 58 कोटींच्या आसपास रुपये पडू शकत होते. 1918 आणि 1919 या दोन सालांचे मिळून 80 कोटींहून जास्त रुपये पाडले गेले. तुमच्या डब्यातला 1919 चा रुपया एके काळी अमेरिकन डॉलर होता की नाही, हे त्या एका नाण्यावरून सांगता येणार नाही, पण शक्यता चांगलीच आहे.

मग त्याची किंमत जास्त का नाही? कारण एवढ्या संख्येने पाडलेली नाणी आजही ढिगांनी शिल्लक आहेत. जॉर्ज पंचमच्या रुपयांत 1918, 1919 ही सालं सर्वांत सहज मिळणारी. त्यांना भाव मिळतो तो बहुतेक चांदीचा. टांकसाळ मात्र जरूर बघावी. मागच्या बाजूला अगदी खाली जे कमळ आहे, त्याच्याखाली बारीक ठिपका असेल तर रुपया मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. काही सालांत या एका ठिपक्याने किमतीत फरक पडतो.

तिकडे अमेरिकेत याच वितळणीने संग्राहकांचं गणित बदलून टाकलं. कुठल्या सालाचे, कुठल्या टांकसाळीचे डॉलर भट्टीत गेले याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे किती पाडले त्यावरून किती उरले हे कळेनासं झालं. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत पडलेला 1903 चा डॉलर कित्येक वर्षं अतिदुर्मीळ मानला जायचा. 1962 च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला. दुर्मीळपणा ठरतो तो आज चांगल्या स्थितीत किती नाणी हाती आहेत यावरून, आणि हाच नियम आपल्या रुपयालाही लागू आहे.

‘जितकं जुनं तितकं महाग’ हा समज तर फारच पक्का बसलेला आहे. 1840 चा व्हिक्टोरिया राणीचा रुपया जवळपास दोनशे वर्षं जुना आहे, तरी तो मुबलक मिळतो. कारण 1840 हे साल त्या एका वर्षाचं नाही. पुढची वीसेक वर्षं टांकसाळीने तेच साल ठेवून रुपये पाडले. 1862 चंही तसंच, ते साल पुढे 1874 पर्यंत चाललं. याउलट 1911 चा रुपया बघा. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती कोरला होता, पण सोंड आखूड झाल्याने तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. पाडलेल्या सुमारे 94 लाख नाण्यांपैकी बहुतेक वितळवली गेली आणि 1912 पासून हत्ती नीट सुधारून घेतला. त्यामुळे 1911 चं साल, तेही झिजलेलं नसेल तर, संग्राहक आवर्जून शोधतात.

सर्वांत दुर्मीळ मानला जातो तो 1939 चा जॉर्ज सहावा. चांदीच्या मूळ कसाचा तो शेवटचा रुपया. त्याची जवळजवळ सगळी नाणी बाजारात पोहोचण्याआधीच वितळवली गेली. म्हणूनच 1938 मधल्या आठाचा नऊ कोरून विकणारे पुष्कळ आहेत. भिंग घेऊन त्या आकड्याभोवतीची जागा पाहिली की खरवडल्याच्या रेघा दिसतात, शिवाय नऊची उंची आणि वळण बाकीच्या आकड्यांशी जुळत नाही. 1939 दिसलं की आधी संशय घ्यावा.

‘रुपया म्हणजे एक तोळा शुद्ध चांदी’ यात दोन घोटाळे आहेत. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा आणि रुपयाचं वजनही तेवढंच. आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात 10 ग्रॅम असतात. दुसरं, 1939 पर्यंतच्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी आहे, म्हणजे 91.67 टक्के. 1940 ते 1945 च्या रुपयात ती निम्म्यावर आली. बाकी 40 टक्के तांबं आणि निकेल, जस्त प्रत्येकी 5 टक्के. 1947 चा वाघाचा रुपया तर निकेलचा आहे, तो लोहचुंबकाला चिकटतो. समजा, चांदीचा भाव किलोला 1 लाख आहे. मग न झिजलेल्या 1918 च्या रुपयात सुमारे 1,069 रुपयांची चांदी झाली आणि 1942 च्या रुपयात 583 रुपयांची. खरा भाव त्या दिवशीचा घ्यायचा, गणित हेच. हे आकडे कागदावर लिहून मगच मोड द्यायला जावं.

धनत्रयोदशीला सराफांकडे राणीची किंवा राजाची छबी असलेली नवी चांदीची नाणी मिळतात. पूजेला ती उत्तम, पण ती कधी चलनात नव्हती. एका पिढीने घेतलेलं असं नाणं पुढच्या पिढीला ‘आजोबांचा रुपया’ वाटू लागतं. वजन 11.66 ग्रॅमच्या जवळ आहे का, व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास आहे का आणि काठावरचे कंगोरे सारखे आहेत का, एवढं पाहिलं तरी बरंचसं कळतं.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांनी घासून रुपया लखलखीत केला की तो महाग होतो, असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण घरातली भांडी आपण तशीच उजळतो. पण घासताना चांदीचा वरचा थर जातो, राणीच्या केसांच्या आणि कपड्यावरच्या नक्षीच्या बारीक रेषा बोथट होतात, पृष्ठभागावर असंख्य चरे उमटतात. संग्राहक भिंगाखाली ते लगेच ओळखतो आणि किंमत निम्म्याखालीही आणतो. काळपट, निळसर झाक म्हणजे मळ नव्हे. वर्षानुवर्षं हवेत राहून चांदीवर बसलेला तो थर आहे आणि जाणकारांना तो हवा असतो. नाणं काठाला धरून उचलावं, आम्ल आणि गंधक नसलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवावं. रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि मऊ प्लास्टिकच्या पिशवीने हिरवट चिकटा येतो, म्हणून दोन्ही टाळावीत.

रुपये, अधेल्या, पावल्या यांना कडी डागून ओवलेल्या माळाही काही घरांत आहेत. कडी डागलेल्या नाण्याला संग्राहक फारशी किंमत देत नाही, हे खरं. पण म्हणून माळ तोडून एकेक नाणं वजनावर विकू नये, असं मला मनापासून वाटतं. ओवणी, गाठींची पद्धत, मधले मणी, नाण्यांचा क्रम यातून एका घराण्याचा इतिहास कळतो. माळ तोडली की हातात उरते ती नुसती चांदी. विकायचीच वेळ आली तर अख्खी विकावी आणि त्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान आणि 1818 साल असलेली तांब्या-पितळेची नाणी ‘चमत्कारी’ म्हणून फिरतात. कंपनीने असं चलन कधीच काढलं नाही. हे नंतरच्या काळातले पूजेचे बिल्ले आहेत. ‘तांदूळ ओढणारं नाणं’ हा तर सरळ ठकबाजीचा धंदा आहे आणि त्यात शेती गहाण टाकण्यापर्यंत माणसं गेली आहेत. कुणी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून कर, नोंदणी किंवा कमिशन आगाऊ मागितलं तर तिथेच थांबावं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि असे पैसे आपण घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं आहे.

ज्यांना खरंच शिकायचं आहे, त्यांना लांब जायची गरज नाही. शहापूरजवळच्या आसनगावहून लोकलने मुंबईला उतरलं की फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे आणि कसारा घाट ओलांडून गेलं की नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था. खऱ्या नाण्याशी एकदा डोळे सरावले की खोटं खटकू लागतं.

‘माझ्या शेतात सापडलं, ते माझंच’ हा समज थेट कायद्याशी टक्कर घेतो. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून तो सादर करणं बंधनकारक आहे. दडवलं तर वाटा जातो, शिवाय तुरुंगवासही होऊ शकतो. कळवलं, मूळ मालक निघाला नाही आणि सरकारने तो ठेवा स्वतःसाठी घेतला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याला आणि उरलेला जमीनमालकाला मिळतो. सरकारने घेतलाच, तरी मोबदला द्यावा लागतो. नांगराला गाडगं लागलं तर ते फोडून वाटणी न करता आहे तसं ठेवावं, जागेचा फोटो काढावा आणि तहसील कार्यालयाचा रस्ता धरावा.