वेळासची कासवे आणि गावाचा रोजगार

कोकणातील आपल्या अनेक बांधवांची घरे आज कुलूपबंद आहेत. कर्ती माणसे आखातात, मुंबईत किंवा पुण्यात आहेत. मे महिन्यात किंवा ईदला घर उघडते, झाडलोट होते, चार दिवस चूल पेटते आणि पुन्हा कुलूप लागते. अशा घरांचे काय करावे, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांत चालू आहे. तो माझ्याही घरात आला, म्हणून हा लेख.

माझे आजोळ बाणकोट खाडीच्या काठी आहे. माझा मामेभाऊ एकवीस वर्षे कुवेतमध्ये नोकरी करून परत आला. घर मोठे, आवारात नारळ-सुपारी, पण उत्पन्न नाही. एका दलालाने घर व आवार दोन्हींची मागणी घातली. मामेभावाचा मला फोन आला, "भाईजान, विकून टाकू का? इकडे वेळासला लोक कासवे बघायला येतात आणि त्यावर गावातली घरे चालतात, असे म्हणतात. आपणही पाहुण्यांना खोल्या द्याव्यात का? तुम्ही धंद्यातली माणसे. एकदा बघून सांगा."

मी कापडाचा व्यापारी. कासवांतले मला काही कळत नव्हते. परंतु धंदा म्हटला की माल काय, गिऱ्हाईक कोण, खर्च किती आणि जोखीम कोणाची, हे चार प्रश्न सगळीकडे सारखेच असतात. रमजानपूर्वीची गिऱ्हाईकी सुरू होण्याच्या आधी, फेब्रुवारीत, दोन दिवस काढून मी वेळासला जाऊन आलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

गाव कोठे आहे

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील लहानसे गाव. सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते, त्या बाणकोट खाडीच्या दक्षिणेला ते वसले आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, आंबेत, मंडणगड असा रस्ता आहे. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडून येणाऱ्यांना बागमांडला ते वेसवी अशी फेरीबोट मिळते आणि तिच्यावर मोटारही चढते.

पुणेकरांना या गावाची ओळख दुसऱ्या अर्थाने आहे. पेशवाईतील नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. ज्या नाना पेठेत आपल्या अनेक बांधवांची दुकाने आहेत, तिला नाव ज्यांचे, त्यांचे घराणे येथले. शेजारच्या बाणकोटला खाडीच्या तोंडावर किल्ला आहे. इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले होते. दक्षिणेला केळशी येथे याकूब बाबांचा दर्गा आहे. तरीही पर्यटक म्हणून वेळासला फारसे कोणी येत नसे. मोठे हॉटेल नाही, बाजारपेठ नाही. गाव शांत, आणि शांततेला भाव नव्हता.

माल कोणता

या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे ती लाखांच्या संख्येने येतात. कोकणात मात्र एकेकटी येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, बहुधा रात्री. मादी भरतीच्या रेषेच्या वर वाळूत सुमारे दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा अंड्यांकडे ती बघत नाही. अंडी वाळूच्या उबेवर वाढतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या जास्त होतात आणि थंड असेल तर नर.

पिल्लू बाहेर आले की उजेडाच्या दिशेने चालते. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडचे क्षितिज उजळ दिसते, म्हणून ते पाण्याकडे जाते. किनाऱ्यावर विजेचे दिवे असले तर ते उलट दिशेला जाऊन मरते. हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते, असे शास्त्रज्ञ मानतात. वाचलेली मादी काही वर्षांनी, जेथे जन्मली त्याच भागातील किनाऱ्याकडे अंडी घालण्यास परतते, असेही मानले जाते. मात्र यातही अपवाद आहेत. ओडिशात २०२१ साली खूण बांधलेले एक कासव २०२५ साली आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडले. म्हणजे देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून ते पश्चिम किनाऱ्यावर आले.

२००२ साली काय झाले

पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्री खात आणि उरलेली माणसे उकरून नेत. कोणी खात, कोणी विकत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वांत वरच्या वर्गाचे संरक्षण दिले आहे, परंतु रात्री किनाऱ्यावर कायदा पहारा देत नाही.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते भाऊ काटदरे यांच्यासह समुद्री गरुडाची घरटी पाहण्यासाठी या भागात फिरत होते. तेव्हा त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केल्यावर अंडी चोरीला जातात हे कळले. संस्थेने गावकऱ्यांनाच बरोबर घेऊन काम सुरू केले. वाळूची सवय असलेली आणि कासवाचा माग ओळखणारी माणसे पहारेकरी झाली. पहिल्या हंगामात सुमारे पन्नास घरटी राखली गेली.

पद्धत साधी आहे. कासवमित्र पहाटे किनारा चालतो. वाळूवरील माग पाहून घरटे शोधतो, अंडी हलक्या हाताने काढतो आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतो. त्यावर तारीख लिहिलेली पाटी लावतो. दिवस भरत आले की वर टोपली ठेवतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून पाहतात. पिल्ले निघाली असतील तर ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात, म्हणजे ती आपल्या पायांनी समुद्रात जातात.

हे पाहण्यासाठी २००६ च्या सुमारास कासव महोत्सव सुरू झाला. पुढे गावच्या मंडळींनी कारभार आपल्या हाती घेतला आणि वन विभाग व कांदळवन कक्ष पाठीशी राहिले. २५ जानेवारी २०२२ रोजी येथेच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले. तिचे नाव प्रथमा ठेवले.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर गाव पूर्वी मुद्दल खात होते. अंडे एकदाच विकले जाते. तेच अंडे राखले, तर त्यातून निघणारे पिल्लू पाहण्यासाठी दरवर्षी माणसे येतात. आज गाव व्याजावर चालते आणि मुद्दल वाळूत सुरक्षित आहे.

पैसा कोणाच्या हातात जातो

वेळासमध्ये पाहुणा गावकऱ्याच्या घरात उतरतो. सारवलेली किंवा फरशीची पडवी, अंथरायला गादी-चादर आणि दोन वेळचे घरगुती जेवण. मी दोन घरी दर विचारला, तो सारखाच निघाला. जेवण मी पाहिले तेथे शाकाहारी होते : भाकरी, आमटी, सोलकढी, उकडीचे मोदक. त्यामुळे आपल्या लोकांना खाण्याची अडचण पडत नाही.

घरातील व्यवहार मुख्यतः बायकांच्या हाती आहे. आम्ही उतरलो त्या घरच्या ताईंना मी विचारले, "शेजारणीकडे जास्त पाहुणे गेले तर वाईट वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "भाऊ, आज तिच्याकडे जास्त झाले तर ती माझ्याकडे पाठवते. भांडलो तर पुढच्या वर्षी दोघींकडे कोणी येणार नाही."

हे वाक्य मी पुण्यात परत येईपर्यंत विसरलो नाही. आमच्या कापडबाजारात शेजारच्या दुकानदाराने मीटरमागे पाच रुपये उतरवले की आपण सात उतरवतो. गिऱ्हाईक हसत जाते आणि वर्षअखेर दोघांच्याही वहीत तोटा असतो. वेळासच्या बायकांनी व्यापाराची शाळा पाहिलेली नाही, पण दर राखणे म्हणजे धंदा राखणे, हे त्यांना कळले आहे.

एका घराचा हिशेब

मामेभावासाठी मी अंदाजाने हिशेब मांडला. आकडे माझे आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने बदलून घ्यावेत.

समजा, हंगामात शनिवार-रविवार धरून २० रात्री पाहुणे मिळाले, रोज ८ माणसे, माणशी जेवणासह १,००० रुपये. जमा १,६०,००० रुपये.

खर्च असा : जेवणाचे सामान माणशी ३५० प्रमाणे ५६,००० रुपये, दोन मदतनीस रोजी ५०० प्रमाणे २०,०००, गॅस, वीज व धुलाई १४,०००, गाद्या, चादरी व भांड्यांची झीज १५,०००, पावसाळ्यानंतरची डागडुजी २०,०००. एकूण १,२५,००० रुपये.

शिल्लक ३५,००० रुपये. घरच्याच माणसांनी काम केले तर मदतनीसांचे वीस हजार वाचून ५५,०००. आता दोन संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, गाद्या यांसाठी अडीच लाख घातले, तर ते भांडवल फिटायला साडेचार ते सात वर्षे लागतील. तेही बिनव्याजी पैसा असेल तर. कर्ज काढून हा धंदा करणाऱ्याच्या हाती काही उरणार नाही.

जोखीम

पहिली गोष्ट, माल आपल्या हुकमात नाही. पिल्ले कोणत्या दिवशी निघतील हे कोणी सांगू शकत नाही. दोन दिवसांच्या मुक्कामात आम्हाला एका सकाळी सहा पिल्ले दिसली. इतर वेळी टोपली रिकामी होती. पाहुण्याला खात्री देऊन बोलावणे ही फसवणूक होईल.

दुसरी, निसर्गाचा तडाखा. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे पर्यटन बंद पडले आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावरील नारळ-सुपारीच्या बागा व घरांची कौले उडवली. एकाच वर्षात बाग आणि पाहुणे दोन्ही गेले. ज्यांचे दुसरे उत्पन्न होते तेच लवकर सावरले.

तिसरी जोखीम गर्दीची आहे. किनाऱ्यावर दिवे, गाड्या, गाणी आली की कासव येणार नाही. कासव गेले की गिऱ्हाईकही गेले.

चौथी, कायदा. समुद्रालगत नवे बांधकाम १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, नियमांत येते. परवानगीशिवाय खोली वाढवू नये. असलेल्या घरात पाहुणे ठेवायचे असतील तर पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंद करावी आणि ग्रामपंचायतीला कळवावे.

मासेमारी करणाऱ्या बांधवांसाठी एक माहिती. जाळ्यात कासव अडकले तर जाळे कापून त्याला सोडावे. जाळ्याच्या नुकसानीबद्दल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. अर्जासाठी छायाचित्र लागते, म्हणून सोडतानाचे छायाचित्र काढून ठेवावे.

कारागिरांना काम

अशा गावांत खोल्यांखेरीज इतर कामही निघते. गादी भरणारा, सुतार, प्लंबर, कौले चढवणारा यांना पावसाळ्यापूर्वी व नंतर काम मिळते. कापडाबद्दल माझा सल्ला असा : खाऱ्या दमट हवेत जाड सुती चादर वाळत नाही आणि बुरशी धरते. अंथरायला सूत-पॉलिएस्टर मिश्र कापड घ्यावे, पांघरायला सोलापुरी चादर ठेवावी, आणि पावसाळ्यात सर्व माल कोरडा करून बंद पेटीत ठेवावा.

काय ठरले

मी मामेभावाला सांगितले, घर विकू नकोस आणि नवे बांधूही नकोस. आहेत त्या तीन खोल्या नीट कर, संडास चांगला बांध, पैसा आपल्याच बचतीतून घाल. एकट्याने पाटी लावू नकोस. आधी गावातील चार घरे एकत्र करून दर ठरवा, आणि त्या चारांत शेजारचे हिंदू घरही घ्या, कारण किनारा सगळ्यांचा आहे. आपल्या गावाला कासव नसले तरी खाडी, किल्ला, पक्षी आणि मासळीचे जेवण आहे. वेळासला जेवण शाकाहारी, तर तुझ्याकडे मासळी मिळेल. त्यांचे गिऱ्हाईक तोडायचे नाही, त्यांच्याकडे जागा नसेल तेव्हा तुझ्याकडे यावे इतके नाव कमवायचे. बागेचे उत्पन्न चालू ठेव, कारण वीस रात्रींवर वर्ष निघत नाही.

त्याने विचारले, "म्हणजे फायदा पस्तीस हजारच?"

मी म्हणालो, "पस्तीस हजार आणि उघडे घर. कुलूप लावलेल्या घराला वाळवी लागते. त्याचा खर्च तू आजवर कधी मांडला नाहीस."

दलालाला त्याने नकार कळवला आहे. संडासाचे काम सुरू झाले आहे. पहिल्या हंगामाचा हिशेब आला की नफा असो वा तोटा, याच पानावर वाचकांपुढे ठेवीन.