मोटारीचे छायाचित्र : साधा कॅमेरा, सजग नजर

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर नवी मोटार दारी आली, की पूजेनंतर छायाचित्र घेणे ओघानेच येते. पुष्कळदा ते मनासारखे उतरत नाही. बॉनेटवर उन्हाचा पांढरा डाग पडतो, दारांवर समोरच्या दुकानांच्या पाट्या उमटतात आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. खरे पाहता, मोटारीचा रंगवलेला पत्रा म्हणजे वक्र आरसाच. त्यात काय दिसते आहे, हे आधी पाहणाऱ्याला साधा कॅमेराही पुरतो.

म्हणून जागेची निवड महत्त्वाची. मोटारीमागे मोकळे मैदान किंवा एकरंगी भिंत असावी. ज्या बाजूचे चित्र घ्यायचे तिच्यासमोरही तितकीच मोकळीक हवी. गर्द रंगाचे कपडे घातल्यास छायाचित्रकाराचे स्वतःचे प्रतिबिंब फारसे जाणवत नाही. दुपारचे ऊन टाळावे. सूर्योदयाच्या सुमाराचा किंवा सूर्यास्तानंतरचा मंद प्रकाश पत्र्याचे वळण हळुवारपणे उलगडून दाखवतो.

अगदी जवळून टिपल्यास पुढचा दिवा अवाढव्य आणि मागचा भाग आखडलेला दिसतो. आठ-दहा पावले मागे सरून, भिंगाचा झूम असल्यास तो वापरावा. डिजिटल झूमने मात्र चित्राचा तपशील हरवतो. गुडघे टेकून कॅमेरा दिव्यांच्या उंचीवर आणावा आणि मोटारीचा दर्शनी भाग व एक बाजू अशा दोन्ही दिसतील असा तिरका कोन साधावा. स्टिअरिंग कॅमेऱ्याच्या विरुद्ध दिशेला थोडे वळवले, की टायरच्या खाचांऐवजी चाकाची तबकडी समोर येते.

मोटारीने चौकट व्यापली असेल, तर स्वयंचलित कॅमेरा पांढऱ्या मोटारीला करडी आणि काळीला फिकट करतो. एक्स्पोजर पहिल्या वेळी किंचित वाढवावे, दुसऱ्या वेळी कमी करावे. संधिप्रकाशात फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर नंबरप्लेट पांढरीफटक होते. कॅमेरा भिंतीवर किंवा स्टुलावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावला, की हात हलण्याची भीती उरत नाही.

जुनी मोटार विक्रीस काढताना या कौशल्याची खरी कसोटी लागते. जो मंद प्रकाश रूप खुलवतो, तोच पोचाही झाकू शकतो. पोचा दाखवायचा असेल, तर इमारतीची सरळ कड पत्र्यात प्रतिबिंबित होईल अशा तिरक्या कोनातून पाहावे. पोचा असेल तेथे ती रेघ वाकते. असे एक छायाचित्र, ओरखड्याचे एक आणि किलोमीटरच्या आकड्याचे एक, ही तिन्ही देखण्या चित्रांसोबत अवश्य द्यावीत. दूरगावचा ग्राहक केवळ छायाचित्रांवर विसंबून प्रवासाला निघतो. येथे आल्यावर चित्रातलीच मोटार त्याला दिसली, तर सौदा किमतीवर होतो. वेगळी दिसली, तर विकणाऱ्याच्या शब्दाचीही किंमत उतरते.