संगणकाची दुखणी : लेखांक ९ — डिस्क चांगली, वायर वाईट

मागच्या आठवड्यात हार्ड डिस्कवरचे खराब सेक्टर कसे ओळखायचे ते पाहिलं. पण पुष्कळदा सेक्टर सगळे ठणठणीत असतात आणि तरीही फाइल कॉपी होताना मध्येच थिजते, काही सेकंदांनी पुन्हा चालू लागते. दुरुस्तीला नेलं की ‘डिस्क गेली, नवी टाका’ असं पटकन सांगितलं जातं. माझा आग्रह आहे की पैसे मोजण्याआधी एक आकडा बघा.

डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते. या नोंदीला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. त्यात १९९ क्रमांकाची ओळ शोधा. तिथे ती ‘सी७’ अशी दिसेल. हा सीआरसी चुकांचा हिशेब आहे. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात माहितीचा जो गठ्ठा जातो, त्याच्यासोबत पडताळणीचा एक आकडा जातो. पलीकडे तो जुळला नाही, तर गठ्ठा पुन्हा पाठवावा लागतो. त्यामुळे फाइल सहसा बिघडत नाही, वेळ मात्र जातो. चुका वाढल्या की ऑपरेटिंग सिस्टिम वेगच उतरवते. विंडोज एक्सपीत अशा सहा चुका साठल्या की डिस्क एक पायरी खाली यायची, आणि उतरत उतरत पीआयओ मोडपर्यंत पोचली की सेकंदाला जेमतेम १६ मेगाबाइट, तेही प्रोसेसरला राबवून.

पडताळणीचा आकडा चुकतो तो बहुधा तारेवरच्या विजेच्या व्यत्ययामुळे. हा व्यत्यय येतो कुठून? तारेतला प्रवाह झपाट्यानं बदलला की शेजारच्या तारेत नको असलेला सिग्नल उमटतो. जुन्या पट्टीसारख्या आयडीई केबलमध्ये ४० तारा होत्या. सेकंदाला ३३ मेगाबाइटपर्यंत त्या पुरल्या. ६६ चा वेग आला तेव्हा ८० तारांची केबल लागली. गंमत म्हणजे कनेक्टर ४० पिनांचाच राहिला. वाढीव ४० तारा नुसत्या ग्राउंडच्या, प्रत्येक दोन सिग्नलांच्या मध्ये एक. मला हा उपाय फार सुंदर वाटतो. तिच्या जागी आलेल्या साटा केबलनं वेगळी वाट धरली : एकच सिग्नल जोडीच्या दोन तारांवर उलटसुलट पाठवायचा. बाहेरचा व्यत्यय दोन्हींवर सारखाच पडतो, आणि घेणारा फक्त दोन्हींतला फरक मोजतो, म्हणून व्यत्यय वजा होतो. मात्र केबल करकचून दुमडली किंवा कनेक्टर सैल बसला, की हा समतोल ढळतो. कॅबिनेट नीटनेटकं दिसावं म्हणून सगळ्या केबल एकत्र घट्ट बांधण्याची हौस मला म्हणूनच पटत नाही.

तपासणी अशी करा. आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप. मग १९९ चा कच्चा आकडा लिहून ठेवा. हा प्रोग्रॅम तो मुळात सोळा-आधारी पद्धतीत दाखवतो, तेव्हा मध्ये अक्षरं दिसली तर गोंधळू नका. काही गिगाबाइटची फाइल कॉपी करा आणि आकडा पुन्हा बघा. तो कधीच कमी होत नाही. जुन्या चुका त्यात कायम राहतात, म्हणून नुसता मोठा आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. वाढतोय का, एवढंच पाहायचं. वाढत असेल तर संगणक बंद करून प्लग काढा आणि केबलची दोन्ही टोकं काढून पुन्हा नीट बसवा. तरी फरक नसेल तर नवी, आखूड, क्लिप असलेली साटा केबल लावा. एक मीटर ही कमाल मर्यादा आहे, घरच्या कॅबिनेटला अर्धा मीटर पुरतो. त्यानंतर मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुठे होता ते कळणारच नाही. यूएसबीवरची डिस्क असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागचा वापरून बघा.

केबल आणि पोर्ट दोन्ही बदलूनही आकडा चढतच असेल, तर संशय पॉवर सप्लायवर, विशेषतः एका वायरीला फाटे फोडून दोन-तीन डिस्क जोडल्या असतील तर. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.