झाईचा समुद्र आणि मे महिन्याची सहल

शाळांना सुट्टी लागली की वस्तीवस्तीतून सहलीची वर्गणी जमू लागते. महिला मंडळ, विहार समिती, तरुण मंडळ, सगळीकडे एकच चर्चा : यंदा कुठे? २०१३ पासून चर्चगेटहून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि बोर्डी, घोलवड, गुजरातच्या वेशीवरचे झाई ही गावे कामगार कुटुंबाच्या आवाक्यात आली. तिकीट परवडते. प्रश्न आहे तो महिन्याचा.

मे महिन्यात झाईला पारा नागपूर-चंद्रपूरइतका चढत नाही, म्हणून आपली माणसे निर्धास्त असतात. येथेच फसगत होते. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम चटकन उडून जातो व अंग थोडे तरी निवते. किनाऱ्यावर हवाच ओलसर. घाम अंगावर चिकटून राहतो आणि शरीरातली उष्णता बाहेर पडत नाही. पारा ३४ दाखवतो, जीव मात्र चाळिशीपलीकडे असल्यासारखा घाबरतो. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर भगिनी यांना याचा त्रास सर्वांत आधी होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला सरकारी पुरस्कार सोहळ्यात तासन् तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचे प्राण गेले. आपली भीमजयंती त्याच आठवड्यात येते, हे मिरवणुकीची वेळ ठरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पर्यटनासाठी हवामानाला गुण देण्याची पद्धत १९८५ साली मिएच्कोव्स्की या अभ्यासकाने मांडली. १०० पैकी ४० गुण एकट्या दिवसाच्या उष्म्याला व दमटपणाला. पाऊस आणि ऊन यांना वीस-वीस, वाऱ्याला दहा. आपल्याला मात्र हा विचार नवा नाही. पावसाळ्यात फिरल्याने कोवळी पिके व बारीक जीव तुडवले जातात, ही लोकांची तक्रार ऐकून तथागतांनी भिक्खूंना तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. तोच आपला वर्षावास. केव्हा निघावे आणि केव्हा थांबावे हे ऋतू पाहून ठरवणे, ही आपलीच शिकवण आहे.

झाईचे वर्ष पाहिले तर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी. ऑक्टोबरात पुन्हा उकाडा. खरे सुखाचे दिवस नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. बोर्डीचा चिकू महोत्सव थंडीत भरतो, तो उगाच नव्हे. पण या दिवसांत रजा मिळते कोणाला? पगारी रजा आणि मोटार असलेल्यांना. कंत्राटी कामगाराच्या आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या वाट्याला उरतो तो मे. वातानुकूलित खोली घेणाऱ्याला मे सोसतो. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या कुटुंबाला सावलीच नसते.

म्हणून पर्यटनाचा आराखडा म्हणजे केवळ रिसॉर्ट, असे आम्ही मानत नाही. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. अशा भागात सिमेंटपेक्षा झाडे हवीत : किनाऱ्याला सुरू, वाटेवर सावली, पिण्याच्या पाण्याचे नळ, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय. खर्च फार नाही, आणि रोज उन्हात राबणाऱ्या वारली व मच्छीमार बांधवांनाही त्याचा उपयोग होईल. ग्रामसभेत, निवडणुकीत ही मागणी कोणी करताना दिसत नाही!

तोवर मंडळांनी एवढे करावे. ६ डिसेंबर आणि १ जानेवारी हे आपले दिवस. ते झाले की जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा रविवार धरावा, मुलांची शाळा बुडत नाही. मे महिन्यातच जाणे भाग असेल तर पहाटेची लोकल पकडावी, अकरा ते चार सावलीत काढावे, माणशी दोन बाटल्या पाणी व मीठ-साखर बरोबर ठेवावी. या पट्ट्यात ओहोटीला पाणी दूरवर हटते व मुले त्यामागे धावत जातात. भरतीची वेळ गावातल्या मच्छीमारांना आधी विचारून घ्यावी.