स्नायू कमवताना तेल-तूप किती?

बालाघाट जिल्ह्यातल्या लांजी तालुक्यात जेवण म्हणजे भात. हद्द ओलांडून गोंदिया जिल्ह्यात गेलं तरी ताट बदलत नाही. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा इथल्या शेतकऱ्याला अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण याच ताटावर वाढलेला पोरगा भरतीच्या तयारीला लागतो, वजनं उचलू लागतो, तेव्हा त्याला दोन टोकांचे सल्ले मिळतात. घरची मोठी माणसं म्हणतात, तूप खा, दूध पी, त्याशिवाय अंग धरणार नाही. व्यायामशाळेतले दादा म्हणतात, तेल बंद कर, सगळं उकडून खा. या वादाचं उत्तर बऱ्यापैकी नेमकं देता येतं. दर किलो वजनामागे दिवसाला पाऊण ते एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ बहुतेकांना पुरतात. साठ किलोच्या तरुणासाठी ते पंचेचाळीस ते साठ ग्रॅम होतात.

या आकड्याकडे आपण इतरांपेक्षा जास्त गांभीर्यानं पाहायला हवं, आणि त्याचं कारण पुण्यात सापडलं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन यडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानानं वजन दाखवणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. मात्र शरीरातल्या चरबीचं प्रमाण यडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा याज्ञिक यांच्या गटानं केलेला अभ्यास तर याहून विचार करायला लावतो. ही बाळं सरासरी २.७ किलोची होती आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांमध्ये स्नायू बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानानं फारशी घटलेली नव्हती. म्हणजे बारीक दिसणाऱ्या आपल्या अंगात चरबी दडलेली असते आणि स्नायूंची तूट जन्मापासूनची असते. अशा शरीराचं नुसतं वजन वाढवणं धोक्याचं, आणि स्नायू वाढवणं मोलाचं. हा प्रश्न आरशापुरता नाही. खाल्लेल्या भातातली साखर रक्तातून उचलून साठवण्याचं सर्वांत मोठं काम स्नायूच करतात.

स्नायू बनतात प्रथिनांपासून, स्निग्धांशापासून नव्हे. मग तेल-तूप हवंच कशाला? पेशींची आवरणं स्निग्ध द्रव्यांची असतात, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाबरोबरच शोषली जातात, आणि काही स्निग्धाम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. टेस्टोस्टेरॉनचाही संबंध आहे. सहा छोट्या प्रयोगांची २०२१ साली एकत्र छाननी झाली, तेव्हा स्निग्धांश फार कमी केलेल्या पुरुषांमध्ये हे संप्रेरक दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. एवढ्या उतारानं स्नायू झडतात असं त्यातून सिद्ध होत नाही. पण तेल पूर्ण बंद करण्याचा हट्ट सोडायला एवढं कारण पुरेसं आहे.

अतिरेकाची दुसरी बाजूही तितकीच वाईट. एक ग्रॅम स्निग्धांश नऊ कॅलरी देतो, प्रथिनं किंवा पिष्ट चारच. शिवाय जास्तीचं तेल चरबी म्हणून साठवायला शरीराला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. जड वजन उचलताना स्नायू आपल्यात साठलेलं ग्लायकोजेन जाळतात, आणि ते भरून निघतं भात-भाकरीनं. भात टाकून तुपावर भर देणाऱ्या केटो आहाराची स्पेनमध्ये वजनं उचलणाऱ्या तरुणांवर परीक्षा झाली. त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. केटो गटाची चरबी घटली, पण स्नायू वाढले नाहीत. लांजीच्या पोरानं भाताला घाबरू नये.

किती याइतकंच कोणतं हेही महत्त्वाचं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात ३९ सडपातळ तरुण-तरुणींना सात आठवडे रोजच्या जेवणावर जास्तीचे गोड मफिन खायला दिले. एका गटाचे मफिन पामतेलाचे, दुसऱ्याचे सूर्यफूल तेलाचे. दोन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे १.६ किलोनं वाढलं. पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत चरबी जास्त साठली. सूर्यफूलवाल्यांच्या शरीराच्या चरबीविरहित भागातली वाढ मात्र पामतेलवाल्यांच्या जवळपास तिप्पट होती. हा व्यायामाचा प्रयोग नव्हता आणि माणसंही थोडी होती, म्हणून त्यावर फार मोठा इमला उभारू नये. तरी स्वस्त पामतेलात तळलेली भजी आणि फरसाण खाऊन वजन वाढवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

या भागाकडे तर घरचंच चांगलं तेलबी आहे. भात कापणीला यायच्या आधी बांधीतल्या ओलीवर जवस फेकून पेरायची रीत इथे जुनी आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणजे वनस्पतींमधलं ओमेगा-३. माशांतल्या ओमेगा-३ मध्ये त्याचं रूपांतर शरीरात थोडंच होतं, त्यामुळे तळ्यातला मासा मिळत असेल तर तो खावाच. जवसाचं तेल मात्र कडकडीत तापवून तळणासाठी वापरू नये. जवस भाजून, कुटून केलेली चटणी हा त्याहून सोपा मार्ग.

आता साठ किलोच्या तरुणाच्या ताटाचा हिशेब मांडू. दिवसभराच्या फोडणीचं दोन मोठे चमचे तेल म्हणजे सत्तावीस ग्रॅम. म्हशीच्या दुधाचा मोठा पेला सोळा ग्रॅम. दोन अंडी दहा, दोन चमचे जवसाची चटणी आठ. झाले एकसष्ट. वेगळ्या तुपाची गरजच उरली नाही, आणि तूप हवंच असेल तर फोडणीतलं तेल तितकं कमी करावं. खरी तूट प्रथिनांची आहे. स्नायू कमवणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे इथे शहाण्णव ग्रॅम प्रथिनं लागतात. याच दिवसात चारशे ग्रॅम तांदूळ आणि दोन मुठी डाळ धरली तरी बेरीज सत्तरच्या आसपास थांबते. उरलेली पंचवीस ग्रॅम पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीतून जवळजवळ तेलाशिवाय मिळतात. रोहूचा मोठा तुकडाही त्यातला बराच वाटा उचलतो. अंड्यातला पिवळा बलक फेकून देण्याची पद्धत सोडावी. इलिनॉय विद्यापीठातल्या २०१७ च्या प्रयोगात व्यायामानंतर अख्खी अंडी खाल्ली तेव्हा स्नायूंतली प्रथिनबांधणी नुसत्या पांढऱ्यापेक्षा जास्त झाली, दोन्हींत प्रथिनं सारखीच असूनही.

कोल्हापूरच्या तालमीतला दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईचा खुराक अनेकांना खुणावतो. पण तो पहाटेपासून शेकडो जोर-बैठका काढून पुन्हा संध्याकाळी मातीत उतरणाऱ्या पैलवानाचा आहे. तासभर व्यायाम करून दिवसभर दुकानात बसणाऱ्यानं तोच घेतला तर त्याची कंबरच वाढेल. म्हणून काट्याबरोबर टेपही हाताशी ठेवावी आणि महिन्यातून एकदा बेंबीच्या रेषेत कंबर मोजावी. वजन वाढतंय, उचललेला भार वाढतोय आणि कंबर तिथेच आहे, तर तेलाचं माप बरोबर आहे. कंबरही वाढत असेल तर आधी फोडणीतला एक चमचा कमी करावा. डाळ, अंडी आणि मासे यांना हात लावू नये.