सकाळी समुद्रतळ, संध्याकाळी घाटमाथा : स्कुबा सहलीचा विसरलेला हिशेब

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. मालवणचा समुद्र तेथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर. तरीही अशा गावांतील तरुणांनाही आता स्कुबा डायव्हिंगचे आकर्षण वाटते. रात्री गाडीने निघायचे, सकाळी मालवणला समुद्रात उतरायचे आणि दुपारचे मासळीचे जेवण उरकून परतीला लागायचे, असा एका दिवसाचा बेत सोयीचा वाटतो. मात्र या बेतात वेळेचा, पैशांचा आणि भरती-ओहोटीचा विचार होत असला, तरी वाटेतल्या सह्याद्रीचा होत नाही.

मालवणचा समुद्र नवशिक्यांना अनुकूल आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ, उथळ पाण्यात प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे आढळतात. या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. पावसाळ्यात हा खेळ बंद असतो. पाणी निवळल्यावरचे हिवाळ्याचे महिने त्यासाठी उत्तम.

दाबाचे गणित

पाण्यात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट, तर १८ मीटरवर जवळजवळ तिप्पट होतो. पाणबुड्याला त्याच दाबाची हवा श्वासात घ्यावी लागते. हवेतील नायट्रोजन शरीराला वापरता येत नाही. तो रक्तात आणि ऊतींत विरघळून साठतो. खोली आणि पाण्याखालचा वेळ जितका अधिक, तितका हा साठा मोठा.

वर आल्यावर हा वायू श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो, पण त्याला काही तास लागतात. त्याआधीच बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणे शरीरात बुडबुडे तयार होऊ शकतात. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस किंवा 'बेंड्स' म्हणतात. सांधेदुखी, त्वचेला खाज, मुंग्या, बधिरपणा, विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे. मज्जारज्जूला इजा झाल्यास हातपाय लुळे पडण्याचाही धोका असतो.

डुबकी घेऊन आल्यावर लगेच विमानात बसू नये, हा नियम अनेकांना ठाऊक असतो. घाट मात्र विसरला जातो. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी असतो. फोंडा किंवा गगनबावड्याच्या मार्गाने गेले, तरी घाट चढावाच लागतो. मालवणहून घाटमाथा दोन-अडीच तासांच्या अंतरावर. म्हणजे दुपारी पाण्याबाहेर आलेला माणूस संध्याकाळी माथ्यावर असतो.

जपानचा अनुभव

हा प्रश्न केवळ कोकणाचा नाही. टोकियोचे हौशी पाणबुडे एका दिवसासाठी इझू द्वीपकल्पाच्या ओसेझाकीसारख्या किनाऱ्यावर जातात. परतीच्या वाटेवर हाकोनेचा डोंगर लागतो. तेथील खिंड आठशे मीटरहून उंच आहे. डुबकीनंतर अशा डोंगरवाटेने परतलेल्यांना हा विकार झाल्याच्या नोंदी तेथील डॉक्टरांनी घेतल्या. त्यामुळे परतीचा रस्ता किती उंचीवरून जातो, याचा विचार तेथे सहलीच्या नियोजनातच केला जातो.

किती थांबावे?

पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'च्या पुढाकाराने २००२ मध्ये तज्ज्ञांनी विमानप्रवासासाठी मार्गदर्शक सूचना ठरविल्या. टप्पे घेत वर येण्याची गरज नसलेल्या एकाच डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास थांबावे, असे त्या सांगतात. सुमारे ६०० मीटरपासून पुढील उंचीला त्या लागू होतात. आपले घाटमाथे नेमके या सीमेवर येतात. अमेरिकी नौदलाच्या तक्त्यांत सुमारे ३०० मीटरपासूनच्या उंचीचा विचार केला आहे. साठा अल्प असेल तर तेथे प्रतीक्षा कमी वा शून्य, मोठा असेल तर अनेक तासांची.

म्हणूनच सरसकट घबराटीचे कारण नाही. प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खोलीवर घेतलेल्या पंधरा-वीस मिनिटांच्या अनुभवात साठा फार होत नाही. प्रशिक्षण घेऊन १८ मीटरपर्यंत दिवसातून दोन-तीनदा उतरणाऱ्याची गोष्ट वेगळी. रात्रभराचा प्रवास, अपुरी झोप आणि शरीरातील पाण्याची कमतरता यांनी त्याचा धोका आणखी वाढू शकतो.

उपाय सोपा आहे. एक मुक्काम वाढवावा आणि कार्यक्रमाचा क्रम बदलावा. पहिल्या सकाळी डुबकी, दुपारी विश्रांती. किल्ला, बाजार आणि तारकर्लीचा किनारा त्यानंतर. एकच डुबकी घेतली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढावा. अधिक घेतल्या असतील, तर दुपारनंतर. पृष्ठभागावर नळीने श्वास घेत केलेल्या स्नॉर्केलिंगला हे बंधन नाही. तो खेळ निघण्याच्या दिवसासाठी ठेवावा.

परतल्यावर चोवीस तासांत हातापायांत मुंग्या वा सांध्यांत अकारण दुखणे जाणवल्यास ते प्रवासाच्या थकव्यावर ढकलू नये. शुद्ध ऑक्सिजन हा पहिला उपचार असून, पुढे दाबकक्षाची गरज पडू शकते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या गावातील डॉक्टरांच्या मनात हा विकार सहसा येणार नाही. 'काल समुद्रात डुबकी घेतली होती', हे वाक्य रुग्णाने स्वतःहून सांगणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.