पोटातले जंत आणि छातीतला क्षय



जंत हे पोटाचे दुखणे आणि क्षय छातीचे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. शरीर ती पाळत नाही. वैद्यकाची पदवी मजजवळ नाही; परंतु साताऱ्या-सांगलीकडे उसाच्या फडात अनवाणी राबणाऱ्या आणि दाटीच्या खोलीत निजणाऱ्या माणसाला ही दोन्ही दुखणी एकदम गाठू शकतात, म्हणून हा विषय मी समजून घेतला.

अंकुशकृमीचेच पाहा. उघड्यावर परसाकडला बसल्याने त्याची अंडी ओल्या मातीत पडतात. त्यांतून निघालेली अळी तळपायाच्या कातडीतून शिरते, रक्तावाटे फुप्फुसात जाते, घशात चढून गिळली जाते आणि शेवटी आतड्याला चिकटून रक्त पिते.

क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतात. इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य त्यांना चेतवते. जंतांविरुद्ध मात्र शरीर निराळी फळी उभारते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी तीत पुढे असतात. शिवाय वर्षानुवर्षे मुक्काम करायचा म्हणून जंत शरीराची चढाई थोपवून धरतो. त्यामुळे पहिली फळी ढिली पडते. ज्यांच्या अंगात सुप्त क्षय आणि अंकुशकृमी दोन्ही होते, त्यांचा क्षयविरोधी प्रतिसाद फिका असल्याचे चेन्नईच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले. अर्थात, अशा प्रत्येकाला क्षय होतोच असे नव्हे.

निदानातही घोटाळा होतो, तोही दोन्ही बाजूंनी. मॅन्टो चाचणीत हातावर उठणारा फुगवटा या ढिलाईमुळे लहान राहू शकतो आणि सुप्त क्षय निसटतो. याच्या उलटही घडते. आपल्या वानलेसवाडीसारखेच एक क्षय-आरोग्यधाम आज आंध्रात असलेल्या मदनपल्लीजवळ उभारले होते. तेथील फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन या डॉक्टरांनी १९४० साली काही चमत्कारिक रोगी नोंदवले. खोकला आणि एक्स-रेतील छाया क्षयासारखी. पण बेडक्यात क्षयाचे जंतू नाहीत आणि रक्तात इओसिनोफिल मात्र फार. या दुखण्याचे मूळ हत्तीरोगाच्या कृमीत आहे, हे पुढे उलगडले.

आता लस. भारतात बी.सी.जी. १९४८ साली आली. १९६८ पासून चिंगलपेटला अडीच लाखांहून अधिक लोकांवर तिची परीक्षा झाली. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती संरक्षण देत नाही, असे १९७९ साली जाहीर झाले. मातीतील क्षयजंतूंच्या भाऊबंदांवर मुख्य संशय आहे, जंतांवरही आहे. इथिओपियात आधी जंत पाडून मग लस टोचली, तेव्हा प्रतिसाद वाढला. युगांडात गरोदर मातांना जंतांचे औषध दिले. बाळांच्या लसीच्या प्रतिसादात फरक पडला नाही. वाद मिटलेला नाही. पण तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयापासून ही लस वाचवते. ती कोणी चुकवू नये.

जंतांची गोळी हे क्षयाचे औषध नव्हे, हेही ध्यानात ठेवा. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना ती फुकट मिळते. फडातला मोठा माणूस त्या योजनेत बसत नाही. आणि गोळी घेतली तरी त्याच घाणेरड्या मातीत अनवाणी उतरल्यावर जंत पुन्हा होतात. म्हणून ऊसतोडीच्या कोप्यांजवळ संडास, पायात पायताण आणि दोन आठवडे खोकणाऱ्याच्या बेडक्याची तपासणी, या तीन गोष्टी मालकाकडे व सरकारकडे एकत्रच मागितल्या पाहिजेत.